फोन रूट करण्याआधी गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या : नागपुरातील मोबाइल कारागिरांना खुले पत्र

सीताबर्डी, इतवारी, सदर, महाल आणि नागपुरात इतरत्र मोबाइल दुरुस्तीचे काउंटर चालवणाऱ्या सर्व दुकानदारांना आणि त्यांच्या टेबलावर बसून सॉफ्टवेअर मारणाऱ्या कारागीर भावांना,

सप्रेम नमस्कार.

डिस्प्ले, चार्जिंगचा जॅक, आयसी रिबॉल करणे या कामांत तुमचा हात किती बसलेला आहे, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. हे पत्र दुसऱ्या कामाबद्दल आहे : बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूपबंद भाग) उघडणे, कस्टम रिकव्हरी (दुरुस्तीसाठीची बाहेरची छोटी सिस्टीम) टाकणे, रूट करणे (सिस्टीमचा पूर्ण ताबा मिळवणे), रॉम (फोनची अख्खी सिस्टीम) बदलणे. हे काम टेबलावर लवकर उरकते. त्याचे परिणाम मात्र गिऱ्हाईक घरी गेल्यावर कळतात. कुणाचे यूपीआय बंद पडते, कुणाच्या फोनमधून नेटवर्क जाते, कुणाचे सगळे फोटो गेलेले असतात. यातल्या बहुतेक गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी आम्ही दोनच गोष्टी मागत आहोत. बूटलोडर उघडण्याआधी गिऱ्हाइकाला काय जाणार आहे ते लेखी द्या. आणि फोनची ओळख सांगणाऱ्या पार्टिशनांचा (स्टोरेजच्या कप्प्यांचा) बॅकअप घेतल्याशिवाय त्यावर दुसरा रॉम चढवू नका.

काम बंद करा, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. स्वतःच्या फोनवर रूट करणे हा गुन्हा नाही. कंपनीने अपडेट देणे थांबवलेल्या पण धडधाकट फोनला लिनिएजओएससारख्या रॉममुळे पुढची काही वर्षे सुरक्षा अपडेट मिळू शकतात, आणि असा फोन भंगारात जाण्यापेक्षा कुणा विद्यार्थ्याच्या हातात राहिलेला कधीही बरा. म्हणून हे काम नीट व्हावे.

आधी एक प्रश्न गिऱ्हाइकाला विचाराच : रूट कशाला हवे? “फोन हँग होतो, कंपनीची फालतू अ‍ॅपे काढून द्या,” एवढेच उत्तर आले तर रूटची गरजच नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन लॅपटॉपला जोडा आणि एडीबी शेलमध्ये (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘पीएम अनइन्स्टॉल’ ही आज्ञा ‘यूजर ०’साठी अ‍ॅपच्या पॅकेज नावासह द्या. अ‍ॅप त्या वापरकर्त्यापुरते निघते, सिस्टीममध्ये मूळ प्रत राहते, आणि ‘सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ म्हटले की परत येते. वॉरंटी, यूपीआय, डेटा सगळे जागच्या जागी. एकच काळजी घ्या. सिस्टीम यूआय, सेटिंग्ज, फोन, कीबोर्ड आणि कंपनीचे सिक्युरिटी अ‍ॅप यांना हात लावू नका. शाओमीच्या काही फोनांत सिक्युरिटी अ‍ॅप काढल्यावर फोन चालूच होत नाही. या कामाचे वाजवी पैसे जरूर घ्या. गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि फोन परत टेबलावर येत नाही.

आता खरोखरच बूटलोडर उघडायचा असेल तर काय काय जाते ते पाहू.

पहिला जातो तो डेटा. सगळा. अनलॉक करताना फोन स्वतःहून फॅक्टरी रीसेट होतो आणि हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे. नाहीतर चोर बूटलोडर उघडून आपली रिकव्हरी टाकेल आणि मालकाचे फोटो, मेसेज वाचून काढेल. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांपासून पुढे स्टोरेज एन्क्रिप्ट करणे सक्तीचेच आहे. अनलॉकबरोबर जुन्या चाव्या नष्ट होतात, त्यामुळे “नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढून देऊ” हे आश्वासन खोटे ठरते. फोटो, कॉन्टॅक्ट यांचा बॅकअप लोकांना सुचतो. व्हॉट्सअ‍ॅपचा सुचत नाही. गुगल ड्राइव्हवर बॅकअप झाला आहे का आणि कोणत्या तारखेचा, हे गिऱ्हाइकासमोर उघडून बघा. स्थानिक बॅकअप हवा असेल तर अँड्रॉइड ११ पासून तो ‘अँड्रॉइड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरात व्हॉट्सअ‍ॅपच्या पॅकेज नावाखाली असतो, तो अख्खा फोल्डर लॅपटॉपवर घ्या. ओटीपी तयार करणारी अ‍ॅपे असतील तर त्यांतली खाती आधी दुसऱ्या फोनवर हलवा. नाहीतर माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतो.

दुसरे नुकसान कायमचे असते, आणि तेच सर्वांत कमी सांगितले जाते. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज असतो. कंपनीची सही नसलेली इमेज (फोनवर लिहायची सिस्टीमची फाइल) चढवली की तो ०x० वरून ०x१ होतो. चिपमधला फ्यूज जळालेला असल्यामुळे नंतर कितीही मूळ फर्मवेअर (कंपनीचे सॉफ्टवेअर) मारले तरी तो परत येत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचे पेमेंट त्या फोनवर गेले ते गेले. सिक्युअर फोल्डरमध्ये कागदपत्रे ठेवलेली माणसे पुष्कळ असतात, त्यांना हे आधी कळायलाच हवे. इतर अनेक कंपन्यांच्या फोनांत बूटलोडर उघडा असताना वाइडवाइन, म्हणजे ओटीटीवरची नक्कल रोखणारी व्यवस्था, एल१ पातळीवरून एल३ वर उतरते. मग पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवर चित्र साध्या ४८०पीच्या आसपास अडकते आणि गिऱ्हाइकाला वाटते की डिस्प्ले खराब झाला.

तिसरे म्हणजे यूपीआय आणि बँकेची अ‍ॅपे. ही अ‍ॅपे गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणी सेवेला फोनची स्थिती विचारतात. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांवर ही तपासणी हार्डवेअरमधल्या चावीच्या आधारे होते. बूटलोडर उघडा आहे ही गोष्ट फोनच्या सुरक्षित भागातून सहीसकट सांगितली जाते, तिथे वरवरची लपवाछपवी टिकत नाही. रूट लपवणारी मॉड्यूले (जोड-प्रोग्राम) आहेत, ती चालतातही, पण कुठून तरी फुटलेल्या कीबॉक्सवर (फोनची ओळख पटवणाऱ्या चाव्यांच्या फाइलवर). गुगलने तो कीबॉक्स रद्द केला की त्याच दिवशी अ‍ॅप बंद. भाजीवाल्यापासून आपली बसपर्यंत जो माणूस सगळीकडे फोननेच पैसे देतो, त्याला “यूपीआय चालेल, काळजी करू नका” असे सांगून पैसे घेणे योग्य नाही. “आज चालेल, पुढचे सांगता येत नाही,” हे खरे उत्तर आहे, आणि ते चिठ्ठीवर लिहा.

कोणता फोन उघडतो आणि कोणता नाही, हे पैसे ठरवण्याआधी बघा. पिक्सेलमध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करून फास्टबूटमधून (लॅपटॉपवरून बूटलोडरला आज्ञा देण्याच्या साधनातून) ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ म्हटले की झाले, वनप्लसच्या बऱ्याच मॉडेलांतही तसेच. मोटोरोलामध्ये फोनमधून अनलॉकसाठीचा सांकेतिक डेटा काढून कंपनीच्या साइटवरून कोड मागवावा लागतो. शाओमीमध्ये खाते फोनला बांधून वाट पाहावी लागते. ही मुदत बराच काळ १६८ तास दिसत असे, हायपरओएस ही शाओमीची नवी सिस्टीम आल्यापासून अटी वाढल्या आहेत. ही वाट चुकवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मुदत संपायच्या आत खाते काढून पुन्हा बांधले तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. रिअलमी आणि ओप्पोमध्ये ठरावीक मॉडेलांनाच परवानगी आहे. विवोमध्ये अधिकृत रस्ता जवळपास नाहीच. सॅमसंगमध्ये वन यूआय (सॅमसंगची सिस्टीम) ८ पासून ओईएम अनलॉकचा पर्यायच काढून टाकलेला दिसतो, म्हणून अपडेट करून मग अनलॉक करू, हा क्रम तिथे उलटा पडतो.

टेबलाची तयारी थोडक्यात. फोन किमान ६० टक्के चार्ज हवा. फुगलेली किंवा कमजोर बॅटरी असेल तर आधी ती बदला, कारण बूटलोडरची फाइल जाताना फोन बंद पडला तर पुढचे काम टेस्ट पॉइंटवरच (बोर्डावरचे ठरावीक ठिपके जोडून) करावे लागते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपपेक्षा बॅटरीवर चालणारा लॅपटॉप बरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या शेडमधल्या दुकानात त्याहून जास्त तापते. त्या दिवसांत कव्हर काढा, फोन पंख्याखाली ठेवा, शक्यतो सकाळी फ्लॅश करा (फोनवर फाइल लिहा). केबल डेटाची आणि आखूड घ्या. एएमडी रायझनच्या काही मशिनींवर यूएसबी ३ पोर्टात फास्टबूट मध्येच अडकते. फाइल अर्धवट जाते आणि दोष फोनला दिला जातो. मध्ये साधा यूएसबी २ हब लावला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी आणि फास्टबूटचा संच) गुगलचे ताजे वापरा. एखाद्या टेलिग्राम ग्रुपवरून आलेल्या फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदललेली नाही ना हे दाखवणारा आकडा) जुळवल्याशिवाय ती फोनवर जाऊ देऊ नका. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ने तो दोन मिनिटांत निघतो.

आता बॅकअप. आमच्या मते या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

फोनमध्ये काही लहान पार्टिशन असतात, ज्यांची फाइल कोणत्याही फर्मवेअरमध्ये मिळत नाही, कारण त्यांतला मजकूर प्रत्येक फोनसाठी कारखान्यात वेगळा लिहिलेला असतो. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), वायफाय आणि ब्लूटूथचे पत्ते, रेडिओचे कॅलिब्रेशन, सेन्सर आणि फिंगरप्रिंटच्या नोंदी. सॅमसंगमध्ये ‘ईएफएस’. क्वालकॉमच्या फोनांत ‘मोडेमएसटी१’, ‘मोडेमएसटी२’, ‘एफएसजी’, ‘एफएससी’ आणि ‘पर्सिस्ट’. मीडियाटेकमध्ये ‘एनव्हीरॅम’, ‘एनव्हीडेटा’, ‘एनव्हीसीएफजी’, ‘प्रोटेक्ट१’, ‘प्रोटेक्ट२’ आणि ‘प्रोइन्फो’. हे सगळे मिळून फारशी जागा घेत नाही. अनलॉक केल्याने सर्वसाधारणपणे यांना धक्का लागत नाही. धक्का लागतो तो पुढे, रॉम बदलताना. म्हणून क्रम असा ठेवा : अनलॉक, मूळ रॉमवरच रूट किंवा तात्पुरती रिकव्हरी, लगेच या पार्टिशनांची प्रत, आणि मगच दुसरा रॉम. टीडब्ल्यूआरपी या कस्टम रिकव्हरीमध्ये बॅकअपच्या यादीत ईएफएस आणि पर्सिस्टवर टिक करता येते. रूट असेल तर एडीबी शेलमधून ‘डीडी’ वापरून ब्लॉकच्या ‘बाय-नेम’ फोल्डरातून एकेक पार्टिशन फाइलमध्ये उतरवा, लॅपटॉपवर घ्या आणि प्रत्येक फाइलचा आकार शून्य नाही ना ते बघा. फाइलच्या नावात मॉडेल, आयएमईआयचे शेवटचे चार आकडे आणि तारीख लिहा. एक प्रत गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर द्या. दुसऱ्या फोनची मोडेमएसटीची फाइल या फोनवर चालत नाही. “त्याच मॉडेलचा डम्प आहे आपल्याकडे” हा इलाज इथे लागू पडत नाही, आणि पर्सिस्ट दुसऱ्याचे टाकले तर फिंगरप्रिंट आणि वाइडवाइनची वाट लागते.

मीडियाटेकचा फोन एसपी फ्लॅश टूल या सॉफ्टवेअरवर घेतला की खालच्या यादीत तीन पर्याय दिसतात. ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ हा सर्वांत मोह पाडणारा, कारण तो अडलेला फोन बहुतेक वेळा चालू करतो. पण तो एनव्हीरॅमही पुसतो. फोन चालू होतो, सिम दिसत नाही, आयएमईआय रिकामा, आणि वायफायच्या यादीत ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ नावाचे नेटवर्क दिसू लागते. ‘डाउनलोड ओन्ली’ने सुरुवात करा. नाहीच झाले तर आधी त्याच टूलच्या रीडबॅकमधून वरची पार्टिशने उतरवून घ्या, स्कॅटर फाइलमध्ये प्रत्येकाचा पत्ता आणि लांबी दिलेली असते. फॉरमॅट ऑलची पाळी त्यानंतरची.

आणि आयएमईआय गेल्यावर बॉक्स (फोनमध्ये नंबर लिहिण्याचे यंत्र) लावून “लिहून देऊ” म्हणणाऱ्यांसाठी स्पष्ट शब्दांत : आयएमईआयशी छेडछाड करण्याविरुद्ध २०१७ साली नियम आले, आणि दूरसंचार कायदा २०२३ मध्ये दूरसंचार ओळख क्रमांकाशी छेडछाडीसाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्याच फोनचा आधी घेतलेला बॅकअप परत टाका. तो नसेल तर फोन बिलासकट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. दुसऱ्या मेलेल्या बोर्डाचा नंबर उचलून टाकणे हा सरळसरळ गुन्हा आहे, गिऱ्हाइकाने विनवले तरीही.

कस्टम रिकव्हरीच्या बाबतीत जुन्या सवयी अंगलट येतात. क्लॉकवर्कमॉड या जुन्या रिकव्हरीच्या काळात, आणि २०११ साली टीडब्ल्यूआरपी आली तेव्हा, बहुतेक फोनांना स्वतंत्र रिकव्हरी पार्टिशन असे आणि ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ एवढे पुरत असे. आता ए आणि बी अशा दोन स्लॉटांच्या (सिस्टीमच्या दोन प्रतींची जागा असलेल्या) अनेक फोनांत ते पार्टिशनच नाही. रिकव्हरी बूट इमेजच्या रॅमडिस्कमध्ये (सुरू होताना मेमरीत चढणाऱ्या भागात) असते. अँड्रॉइड १२ च्या पुढच्या बऱ्याच फोनांत ती ‘व्हेंडर_बूट’मध्ये गेली आहे. तिथे टीडब्ल्यूआरपीची इमेज डोळे झाकून ‘बूट’वर मारली की कर्नलच (सिस्टीमचा गाभा) पुसला जातो आणि फोन लोगोवर फिरत राहतो. म्हणून जिथे चालते तिथे आधी ‘फास्टबूट बूट’ करून रिकव्हरी फक्त मेमरीत चालवून बघा. टच चालतो का, स्टोरेज दिसते का ते तपासा. नीट चालली तरच त्या मॉडेलच्या सूचनेप्रमाणे कायमची बसवा. मॉडेल ओळखताना डब्यावरचे नाव पुरेसे नाही. एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपचे फोन विकले जातात. ‘फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट’ने मिळणारे सांकेतिक नाव जुळायला हवे.

सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही, ओडिन हे फ्लॅश करण्याचे सॉफ्टवेअर आहे. टीडब्ल्यूआरपीची टार फाइल एपीच्या खणात टाकताना ऑटो रीबूटची टिक काढा आणि फाइल गेल्यावर बटणे दाबून थेट रिकव्हरीतच जा. फोन एकदा सिस्टीममध्ये चालू झाला की मूळ रिकव्हरी पुन्हा लिहिली जाते आणि “टीडब्ल्यूआरपी बसतच नाही” अशी तक्रार होते.

रिकव्हरीत स्टोरेज ० एमबी दिसले तर घाबरून ‘फॉरमॅट डेटा’ दाबू नका. याचा अर्थ एवढाच की टीडब्ल्यूआरपीला त्या फोनचे एन्क्रिप्शन उलगडता येत नाही. मालकाचा पिन टाकून बघा, त्या रॉमसाठी नवी आवृत्ती आहे का बघा. ‘वाइप’ आणि ‘फॉरमॅट डेटा’ यांत फार मोठा फरक आहे. साधा वाइप अंतर्गत स्टोरेजमधले फोटो ठेवतो. ‘यस’ टाइप करून केलेला फॉरमॅट चाव्यांसकट सगळे उडवतो. दुसरी गैरसमजूत नँड्रॉइड बॅकअपची, म्हणजे रिकव्हरीतून घेतलेल्या बॅकअपची. त्यात अ‍ॅपे आणि त्यांचा डेटा येतो, पण अंतर्गत स्टोरेज म्हणजे फोटो, व्हिडिओ, डाउनलोड येत नाहीत. “पूर्ण बॅकअप घेतला आहे” असे गिऱ्हाइकाला सांगताना हे लक्षात ठेवा.

रूटसाठी आज रिकव्हरीची गरज फारशी उरलेली नाही. मॅजिस्क हे रूटचे अ‍ॅप बूट इमेज पॅच करते, म्हणजे तीत रूटपुरता बदल करते, आणि तोच रस्ता स्वच्छ आहे. फोनवर आत्ता जो बिल्ड नंबर दिसतो, अक्षर न् अक्षर तोच फर्मवेअर उतरवा. त्यातल्या ‘पेलोड डॉट बिन’मधून बूट इमेज काढा. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बहुतेक फोनांत ‘बूट’ऐवजी ‘इनिट_बूट’ लागते. १२ वरून अपडेट होऊन १३ वर आलेल्या फोनांत मात्र ‘बूट’च. ती फोनमध्ये टाका, मॅजिस्कमधून पॅच करा, पॅच झालेली फाइल एडीबीने परत घ्या आणि ज्या पार्टिशनची आहे त्याच पार्टिशनवर फ्लॅश करा. सॅमसंगमध्ये एपीची अख्खी टार फाइल पॅच करावी लागते, आणि पहिल्या वेळी बीएल, सीपी या फर्मवेअरच्या फाइलींबरोबर होम_सीएससी नव्हे तर साधी सीएससी द्यावी लागते. मॅजिस्क फक्त त्याच्या मूळ गिटहब पानावरून घ्या. त्याच नावाने फिरणाऱ्या साइट खोट्या आहेत.

इमेज जवळपासच्या बिल्डची घेतली तर काय होते? कर्नल एका आवृत्तीचा आणि त्याची मॉड्यूले दुसऱ्या आवृत्तीची, अशी स्थिती होते. कधी फोन चालू होतो पण वायफाय बंद, कधी टच बंद, कधी नुसता लोगो. पुष्कळदा अशा वेळी डिस्प्ले उघडला जातो. त्याआधी त्या बिल्डची मूळ बूट इमेज परत फ्लॅश करून बघा, बहुतेक वेळा फोन जागेवर येतो. म्हणूनच मूळ, पॅच न केलेली इमेज जपून ठेवायची. मॉड्यूल टाकल्यावर फोन अडकला तर फॅक्टरी रीसेटची गरज नाही. सेफ मोडमध्ये एकदा चालू केला की मॅजिस्क सगळी मॉड्यूले बंद करते, किंवा एडीबी दिसत असेल तर मॅजिस्कच्या ‘रिमूव्ह-मॉड्यूल्स’ आज्ञेने ती निघतात. एका टिचकीत रूट करणारी अ‍ॅपे नव्या अँड्रॉइडवर चालत नाहीत. जुन्या फोनांवर चालतात तिथे फोनचा पूर्ण ताबा अनोळखी माणसाकडे जातो, म्हणून तीही टाळा.

मागच्या आवृत्तीवर जाणे हा स्वतंत्र धोका आहे. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोच्या वेळी शाओमीच्या रोलबॅक संरक्षणाने (जुनी आवृत्ती रोखणाऱ्या व्यवस्थेने) अनेक फोन मेले, कारण लोकांनी कमी क्रमांकाचा रॉम मारला. आता ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ विचारूनच पुढे जा. रॉमचा क्रमांक फोनच्या क्रमांकाएवढा किंवा जास्त हवा. सॅमसंगमध्ये बिल्ड नंबरात उजवीकडून पाचवे अक्षर म्हणजे बूटलोडरची आवृत्ती. ते फोनमधल्यापेक्षा लहान असेल तर ओडिन अडवते, आणि ते अडवणे फोनच्या भल्यासाठीच आहे. पिक्सेल ६ मालिकेत अँड्रॉइड १३ बरोबर बूटलोडरचा जुना दरवाजा असाच बंद झाला.

बूटलोडर पुन्हा लॉक करताना जेवढे फोन मरतात, तेवढे उघडताना मरत नाहीत. लॉक असताना अँड्रॉइडचे व्हेरिफाइड बूट प्रत्येक इमेजची सही तपासते. सिस्टीममध्ये एक जरी बदललेली इमेज राहिली आणि तुम्ही लॉक केले, तर फोन ‘डिव्हाइस करप्ट आहे’ म्हणून थांबतो, आणि आता अनलॉक करायला आत जाताही येत नाही. शाओमीच्या मीफ्लॅश या फ्लॅश करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली उजवीकडे ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. चिनी हार्डवेअरवर ग्लोबल रॉम असलेला फोन, म्हणजे बाहेरून आणलेले कितीतरी फोन, या एका न बदललेल्या बटणामुळे गेले आहेत. फ्लॅश दाबण्याआधी तो पर्याय ‘क्लीन ऑल’वर आणा. लॉक करायचेच असेल तर त्याच प्रदेशाचा पूर्ण मूळ रॉम मारा, फोन एकदा पूर्ण चालू करा, सेटिंग्जमध्ये ओईएम अनलॉकिंग चालूच ठेवा, मग लॉक करा. कस्टम रॉम असेल तर तो उघडाच राहू द्या आणि गिऱ्हाइकाला सांगा की सुरू होताना दिसणारी इशाऱ्याची पाटी रोज दिसणार आहे, तो बिघाड नाही.

कंपनीचे अपडेट आले की काय करायचे, हेही सांगून पाठवा. रूट केलेल्या फोनवर अपडेट थेट दाबले तर ते अडते किंवा रूट जाते. दोन स्लॉटांच्या फोनमध्ये मॅजिस्कमधून आधी मूळ इमेज परत बसवा, अपडेट उतरू द्या, आणि रीस्टार्ट करण्याआधी ‘इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट’वर मॅजिस्क टाका. ज्या गिऱ्हाइकाला हे जमणार नाही, त्याच्या फोनवर आपोआप अपडेट बंद करून द्या आणि दोन-तीन महिन्यांनी दुकानात यायला सांगा.

लॉक तोडून देण्याबद्दलही लिहायलाच हवे, कारण तेही याच टेबलावर होते. एफआरपी (रीसेटनंतर जुने गुगल खाते मागणारे कुलूप) काढण्याआधी बिल किंवा डबा मागा, *#०६# ने आयएमईआय बघा, आणि ‘केवायएम’ लिहून त्यापुढे तो १५ आकडी नंबर १४४२२ वर पाठवा. मे २०२३ पासून सीईआयआर ही आयएमईआयची सरकारी नोंद देशभर चालू आहे. हरवल्याची नोंद असलेला फोन सिम टाकताच कळतो. बिल नसलेला फोन कोणी घाईने उघडायला सांगत असेल तर तो परत करणे हेच बरोबर.

चिठ्ठी एका पानाची पुरे. वर मॉडेल, सांकेतिक नाव, बिल्ड नंबर, दोन्ही आयएमईआय आणि तारीख. खाली साध्या मराठीत : डेटा पूर्ण जाणार, गिऱ्हाइकाने बॅकअप घेतला किंवा नको म्हटले. सॅमसंग असेल तर नॉक्स कायमचा जाणार आणि सिक्युअर फोल्डर बंद. बँक आणि यूपीआय अ‍ॅपे बंद पडू शकतात, त्याची हमी नाही. ओटीटीचे चित्र उतरू शकते. कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मग काम झाल्यावर भरायचा भाग : कोणती रिकव्हरी, मॅजिस्कची कोणती आवृत्ती, कोणती मॉड्यूले, बूटलोडर उघडा की बंद, ओळखीच्या पार्टिशनांचा बॅकअप कुठे ठेवला. दोघांच्या सह्या. हिंदीत छापली तरी चालेल, आपल्याकडे दोन्ही चालते. एक प्रत दुकानात आणि एक गिऱ्हाइकाकडे.

त्याबरोबर पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी द्या : मूळ बूट किंवा इनिट_बूट इमेज, ओळखीच्या पार्टिशनांच्या फाइली, आणि त्या बिल्डचे पूर्ण फर्मवेअर. फोन पुढे पुण्यात, चंद्रपूरला किंवा गोंदियाला बंद पडला, तर तिथला कारागीर या तीन फाइलींवर तो उभा करू शकतो. पेन ड्राइव्हचे पैसे बिलात लावा. गिऱ्हाइकाच्या फोटोंची जी प्रत तुमच्या लॅपटॉपवर राहते, ती त्याच्यासमोर पुसा.

सीताबर्डीच्या ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांतल्या दुकानांनी मिळून एकच नमुना ठरवला तर छपाईचा खर्च नगण्य येईल आणि भावावरून होणारी घासाघीसही कमी होईल, कारण मग कमी पैशात काम करणाऱ्याने बॅकअप घेतला की नाही हे गिऱ्हाइकाला चिठ्ठीवरच दिसेल. मराठी आणि हिंदी दोन्हींत मसुदा लिहून द्यायला, आणि बॅकअपचे काम नवीन मुलांना दुपारच्या रिकाम्या वेळात शिकवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
नागपुरातील अँड्रॉइड दुरुस्ती आणि रॉमचे काम जाणणारे काही जण